दर चार तासांनी

फोर्ट पोर्टलच्या पुढे डांबर संपतं,
तिथे मोटारसायकलवाला हमखास विचारतो,
"सिस्टर, आज कोण?"
आज कोणी नाही रे. आज बाटली परत आणायची.
उरलेलं मॉर्फिन मोजून घ्यायचं,
दोन सह्या, एक शिक्का.

रुसोके सायकली दुरुस्त करायचा.
शेवटच्या महिन्यात त्याची बोटं
चादरीवर चाक फिरवत असायची,
तारा चाचपत, कुठली सैल आहे ते बघत.
घसा आतून मिटत आलेला.
पहिल्या दिवशी मी बायकोला शिकवलं:
हे हिरवं पाणी. कडू आहे, तोंड वाकडं करेल, करू दे.
दर चार तासांनी, सिरिंजच्या ह्या खुणेपर्यंत.
झोपताना दुप्पट,
म्हणजे मध्यरात्री तुला उठायला नको.
तिला घड्याळ कळत नव्हतं.
म्हणाली, मशिदीची बांग आहे, शाळेची घंटा आहे,
दूधवाल्याची सायकल आहे, ह्यानेच नीट केलेली,
अजून करकरते.
भागेल.
आणि चुलीतला कोळसा घेऊन
भिंतीवर पहिली रेघ ओढली.

इकडे माणसाला दोन नावं.
एक कागदावरचं, एक हाकेचं.
हाकेची साऱ्या मुलखात मिळून बाराच,
सगळ्यांनी वाटून घेतलेली.
हाकेचं नाव न विचारता बोलणं
म्हणजे माणसाला उंबऱ्याबाहेर उभं ठेवणं.
आमच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही,
मी समासात लिहिते.
रुसोके: अराली.
शेवटी शेवटी "रुसोके" म्हटलं तर पापणी हलेना,
"अराली" म्हटलं की एक बोट हलायचं,
उजव्या हाताचं, ग्रीसने कायमचं काळं झालेलं.

मुलगा कंपालाहून आला तो रागातच.
"हे पाजून तुम्ही त्याला झोपवलंत."
हो, म्हटलं, झोपवलं.
त्याआधी अकरा रात्री तो भिंतीला टेकून बसला होता.
मुलगा बाहेर गेला
आणि कुणाच्या तरी सायकलला हवा भरत राहिला,
टायर दगड झाला तरी.

तो गेला तेव्हा मी नव्हते.
हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं, सिस्टर असते.
मी सतरा किलोमीटरवर
दुसऱ्याच एका बाईची जखम धूत होते.

आज अंगणात शेकोटीची राख,
शेजाऱ्यांची स्टुलं उलटी करून ठेवलेली.
ती बाटली आणून देते. पुसून.
मी उजेडात धरते: साठ मिली. बरोबर.
मग सवयीने भिंतही मोजते.
जुळत नाही.
रेघा जास्त आहेत.
"मंगळवारीच ना?"
"मंगळवारी. पहाटे."
"मग ह्या?"
ती पदराच्या टोकाशी काहीतरी शोधते.
"जाग येते," म्हणते.
"बांगेला येते. घंटेला येते.
मध्यरात्रीची तू नको म्हणाली होतीस,
तेव्हाही मी उठतच होते,
श्वास ऐकायला.
उठल्यावर हाताला काहीतरी लागतं ना."

अठरा रेघा.
कुणाला काही न पाजता.

ह्यावर पुस्तकात एक प्रकरण आहे, आठ पानांचं.
नव्या मुलींना मीच शिकवते.
त्यातलं एक वाक्य तेव्हा आठवलं नाही.
फॉर्मवर लिहिलं: शिल्लक साठ. फरक नाही.
आणि समासात, रुसोकेच्या नावाखाली,
तिचं.

खालच्या शाळेत दुपारची घंटा झाली.
ती माझ्याकडे बघत राहिली,
परवानगी मागितल्यासारखी.
कोळसा कोनाड्यात होता.

"अब्वोली," मी म्हटलं, "घंटा झाली."

बाहेर मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता.
वाजवू दे.